सगळं अंग गुलाबी

लीड्स, १८ सप्टेंबर २०२२

वर्षाअक्का,

शरणु. इथे 'नमस्ते' सगळ्यांना कळतं, आपल्या घरचा हा नमस्कार कुणाला नाही. काल काकांना फोन केला होता. निम्मा वेळ ते माझ्याशी बोलले, निम्मा वेळ दुकानातल्या गिऱ्हाइकाशी, आणि शेवटी म्हणाले, "वर्षा बीडहून आलीय, शेजारीच बसलीय," आणि ठेवून दिला. म्हणून हे मेलवर लिहितेय. तसंही फोनवर सांगण्यासारखं नाही हे.

इथे नर्सिंगच्या पोरांना शिकवायला लागून मला तिसरं वर्ष सुरू झालं. यंदा विद्यापीठानं एक समिती नेमलीय. आमच्या अभ्यासक्रमात वंशभेद कुठे कुठे मुरलाय ते शोधायचं आणि तो सगळ्यांना आपला वाटेल असा करायचा. मला त्यात का घेतलं ते उघड आहे. आमच्या विभागात गोरी नसलेली माणसं दोनच, आणि दुसरा सुट्टीवर होता. तुला आठवतं ना, आपल्या गावी, नांदूरघाटात मला सगळे 'गोरी शिवू' म्हणायचे, तुला 'काळी वर्षा'? इथं कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

समितीत मी काही बोलणार नव्हते. पण मागच्या आठवड्यात वर्गात एक गोष्ट झाली. मी बेडसोर शिकवत होते, पडून पडून होणाऱ्या जखमा. टेंडाय नावाची एक मुलगी आहे, झिम्बाब्वेची, पुढच्या बाकावर बसते. तिनं विचारलं, "इथे लिहिलंय की पहिली खूण म्हणजे कातडी लाल होणं. माझ्या आत्याच्या पाठीवर ते कसं दिसेल?" मी म्हटलं, थोडं गडद दिसेल. ती म्हणाली, "थोडं म्हणजे किती? लाल की जांभळं?" अक्का, मला उत्तर येत नव्हतं. आठ वर्षं वॉर्डात काढलीत मी.

घरी येऊन आमचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. कातडीची इतकी चित्रं, सगळी गोऱ्यांची. एक काळा हात सापडला. तो कुष्ठरोगाच्या पानावर होता.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. तुझ्या वॉर्डात सगळे आपल्याच रंगाचे. कावीळ झालेली बाळं, निळी पडलेली बाळं, बेडसोर, जमतील तितके फोटो काढून पाठव ना. तुझ्याकडे तर खजिनाच आहे. पुढच्या बैठकीआधी मिळाले तर बरं.

तुझी,
शिवू

*

बीड, २ ऑक्टोबर २०२२

प्रिय शिवू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोटो पाठवणार नाही.

'खजिना' म्हणालीस, तो शब्द मला टोचला. माझ्या वॉर्डात बाई येते ती बाळंतपणाला. तिच्याकडे पांघरायला धड चादर नसते, शेजारच्या खाटेवरच्या बाईसमोर तिला सगळं उघडं करावं लागतं. त्यात मी मोबाईल घेऊन उभी राहू? कशासाठी, तर लीड्समध्ये बैठक आहे म्हणून? तिला विचारलं तर ती हो म्हणेलही. डॉक्टर, नर्स जे म्हणतील त्याला बायका हो म्हणतात. ते हो खरं नसतं.

रागावू नकोस. मी पण रागानं लिहीत नाही. म्हणजे, लिहायला बसले तेव्हा रागात होते, आता नाही.

कारण तुझा प्रश्न काही माझी पाठ सोडेना. मी आमचं पुस्तक काढलं. शिवू, इथेही तेच! बीडमध्ये! आमच्या कॉलेजातल्या सगळ्या पोरी गव्हाळ नाहीतर सावळ्या, पेशंट तसेच, डॉक्टर तसेच, आणि पुस्तकातलं एकूणएक बाळ गोरंपान. जन्मल्याबरोबर बाळाला गुण द्यायचे असतात, रडतं का, हातपाय हलवतं का, रंग कसा. रंगाचे पूर्ण गुण कधी? 'सगळं अंग गुलाबी' असेल तेव्हा. मी बारा वर्षं हे शिकवतेय. आमच्या पोरी प्रत्येक बाळाच्या रेकॉर्डला लिहितात, 'त्वचा गुलाबी'. बाळ कसंही असो. न बघता लिहितात, कारण बघून ते लिहिताच येणार नाही.

परवा थर्ड इयरच्या वर्गात विचारलं, "खरं सांगा, गुलाबी बाळ कुणी पाहिलंय?" आधी सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागून एक आवाज आला, "कॅलेंडरवर पाह्यलंय, मॅडम." वर्ग फुटला हसून. बोलणारी प्रियदर्शनी. तेलगावकडची पोर आहे, आई-बाप दरसाल ऊसतोडीला जातात. फार बोलत नाही. पण त्या दिवशी हसणं थांबल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मग आपण बघायचं कुठं?"

हा प्रश्न खरा. फोटोपेक्षा हा मोठा. मी आता वाचायला लागलेय. जीभ, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, तळहात, तळपाय. कातडी दाबून, बोट उचलल्यावर काय दिसतं ते, आणि तेही खिडकीपाशी, उजेडात. बेडसोरच्या जागेला हात लावून बघायचं, शेजारच्या जागेपेक्षा गरम लागते का, टणक लागते का, दुखते का. तुझ्या टेंडायला एवढं सांग. आणि तुमच्याकडे यावर काही छापलेलं असेल तर पाठव. ते मी घेईन.

अप्पा, तुझे काका, बरे आहेत.

वर्षा

*

लीड्स, १६ ऑक्टोबर २०२२

अक्का,

'खजिना' हा शब्द मागे घेते. तू लिहिलंस ते मी इंग्रजीत करून समितीत वाचून दाखवलं, तुझं नाव घेऊन. 'ते हो खरं नसतं' हे वाक्य आलं तेव्हा आमच्या अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. आता ठरलंय की फोटो पुस्तकातून, दवाखान्यातून उचलायचे नाहीत. माणसांना घरी जाऊन, त्यांच्या भाषेत विचारायचं. नको म्हणायला वेळ द्यायचा. पहिली तयार झाली ती टेंडायची आत्या. तिनं एक अट घातली, फोटोखाली आजाराच्या नावाआधी तिचं म्हणणं छापायचं. तिचं म्हणणं असं: 'मी नर्सला तीनदा सांगितलं की पाठ दुखतेय.'

छापलेलं जे सापडलं ते सोबत पाठवतेय. फारसं नाही. जे आहे ते बहुतेक गेल्या चार-पाच वर्षांतलं, आणि त्यातलंही थोडंच बाळांविषयी. म्हणजे तू तिथे वर्गात जे करतेयस ते अजून कुठे धड लिहिलेलं नाही, हे लक्षात येतंय का तुझ्या?

एक सहकारी म्हणाला, आपण सगळ्या पेशंटना सारखंच वागवतो, मग रंग मधे कशाला आणायचा? मी म्हटलं, सारखंच वागवतो म्हणूनच दिसत नाही. बाकी इथे सगळं ठीक.

प्रियदर्शनीचं पुढे काय झालं ते कळव.

शिवू

*

बीड, २७ नोव्हेंबर २०२२

प्रिय शिवू,

पुढे काय झालं ते ऐक. सावकाश वाच.

मुक्ता नावाची बाई बाळंत झाली, दुसरं बाळंतपण, सगळं नीट. तिसऱ्या दिवशी सुट्टी. रेकॉर्डला नेहमीप्रमाणे लिहिलेलं, 'त्वचा गुलाबी, बाळ ठीक', खाली डॉक्टरांची सही. बाहेर गेटपाशी ट्रक उभा. टोळी कर्नाटकातल्या कारखान्याला निघालेली, ट्रकात भांडी, लाकडं, लेकरं, म्हातारी माणसं. मुकादम तानाजी हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. मुक्ताची सासू ताराबाई गाठोडं बांधून तयार.

प्रियदर्शनीची ड्युटी होती. तिनं बाळाला दुपट्यातून काढलं आणि खिडकीपाशी नेलं. हिरड्या बघितल्या. छातीवर बोट दाबून उचललं. मग मला बोलवायला धावत आली. "मॅडम, पिवळं वाटतंय. आन सकाळपासनं नीट पीत न्हाई."

मी बघितलं. खरं सांगते, मला खात्री नव्हती. पण डोळ्यांना शंका आली की डोळ्यांवर विसंबायचं नाही, रक्त तपासायचं, हे मीच त्यांना सांगितलेलं. मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "अहो, तुमच्याच पोरींनी गुलाबी लिहिलंय ना?" मी म्हटलं, "लिहिलंय. ते चुकीचं आहे. रक्त पाठवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाठवलं. भला माणूस आहे, पेशंट फार असतात त्यांच्यामागे.

इकडे तानाजी वॉर्डाच्या दारात. "ओ सिस्टर, गाडी कावून अडिवलीय? बाळ बरं हाय म्हणून लिवून दिलंय की!"

मी काही बोलायच्या आत प्रियदर्शनी पुढं झाली. "तानाजीमामा, माझा बाप बी कोयता घेऊन जातो. गाडी थांबली तर तुमास्नी कारखान्यावर काय ऐकावं लागतं ते मला ठावं हाय. पण लेकरू सुस्त हाय. वाटंत काय झालं तर त्याला कुठल्या दवाखान्यात नेणार तुमी? तिथली भाषा तरी येती का?"

तानाजी मागे वळला. मग ट्रकाकडे गेला. मला वाटलं, आता भांडायला चार माणसं घेऊन येतो. तर तो मुक्ताच्या नवऱ्याला खाली उतरवून, त्यांचं गाठोडं त्याच्या हातात देऊन परत आला. म्हणाला, "मागनं या. मी जागा ठिवतो." आणि गेला.

रिपोर्ट आला. रक्तातलं काविळीचं बिलिरुबिन इतकं वाढलेलं की डॉक्टर स्वतः बाळाला उचलून निळ्या दिव्याखाली ठेवायला गेले. रस्त्यात दोन दिवस गेले असते तर त्या बाळाच्या मेंदूचं काय झालं असतं ते तुला सांगायला नको. आता बाळ चांगलं आहे. अंगावर पितं, ओरडतं.

त्याच संध्याकाळी, बाळाचं अंग अजून पिवळं असतानाच, मुक्तानं मला विचारलं, "माझ्या लेकराचं तुमास्नी आदी दिसलं कावून न्हाई?" खरं ते सांगितलं. म्हटलं, आम्ही ज्या पुस्तकातनं शिकतो त्यात तुझ्या बाळासारखी बाळं नाहीत. तिनं बाळाच्या तळव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग काडा की फोटू. पुढल्या बाईचं लेकरू तरी दिसंल." मी म्हटलं, नवऱ्याशी बोल, सासूशी बोल, उद्या सांग. ती म्हणाली, "लेकरू माझं हाय." सासूनंही मान डोलावली. मी म्हटलं, तोंड दिसणार नाही असा काढते. तर म्हणाली, "कावून? माझं लेकरू काय चोर हाय का?" शेवटी हिरड्यांचे, छातीचे घेतले, आणि एक तोंडाचा, तो फक्त तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये.

आपण फोटोवरून भांडलो होतो ना? हा छातीचा सोबत पाठवतेय. वापर. पण तिचं वाक्य खाली छाप.

मी प्रियदर्शनीला सगळ्यांसमोर शाबासकी दिली नाही, संकोचते ती. पण शिवू, बारा वर्षांत माझ्या शिकवण्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

वर्षा

*

लीड्स, ८ जानेवारी २०२३

अक्का,

मुक्ताच्या बाळाचा फोटो आणि तिचं वाक्य आमच्या पहिल्या पाठाच्या पहिल्या पानावर गेलंय. मी एवढंच सांगायला लिहिणार होते. पण काल काकांशी बोलणं झालं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की तुझं शिकवणं बंद केलंय, तुला मेमो मिळालाय आणि तुला स्टोअरमध्ये बसवलंय. वर म्हणाले, "तिला सांगू नकोस मी बोललो ते."

का लपवलंस? त्यानंतर दोन मेल आल्या तुझ्या, एकीत थंडी आणि दुसरीत हुरडा.

मला झोप लागेना म्हणून मी एक काम करून टाकलंय. तुमच्या प्राचार्यांना पत्र पाठवलं, आमच्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर. अध्यक्ष बाईंचीही सही आहे. लिहिलंय की तुझं काम आमच्यासाठी किती मोलाचं आहे, तुझ्यामुळे इथला अभ्यासक्रम बदलतोय, आणि असं काम करणाऱ्याला त्रास होऊ नये. याचा उपयोग होईल.

शिवू

*

बीड, २२ जानेवारी २०२३

शिवांजली,

उपयोग झाला. कसा तो सांगते.

मेमो आला होता दोन गोष्टींवरून, संस्थेच्या परवानगीशिवाय फोटो आणि रेकॉर्ड चुकीचं आहे असं पेशंटसमोर बोलणं. प्राचार्य भगवानराव सर मनानं वाईट नाहीत, मॅनेजमेंटला भितात. ते मला म्हणाले होते, "मॅडम, महिनाभर स्टोअर सांभाळा, मी हे थंड करतो." झालंही असतं थंड. म्हणून तुला सांगितलं नव्हतं.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी संस्थाध्यक्ष अमरसिंहदादांनी बोलावणं धाडलं. टेबलावर तुझं लेटरहेड, बाजूला भगवानराव सर. दादा म्हणाले, "बसा. ही विलायतेची बाई कोण?"

"माझी चुलत बहीण."

"म्हंजे घरातलं भांडण तुमी लंडनपतूर नेलं. आमच्या दवाखान्यात लेकरं मरायला लागलीत असं तिकडं छापून येनार का आता?"

"दादा, लेकरू मेलं नाही. वाचलं. आपल्याच पोरीनं वाचवलं."

"मंग ते लिवा की! चुकलं ते कावून लिवता?"

मी म्हटलं, "चुकलं ते लिहिलं नाही तर पुढचं लेकरू वाचणार नाही." दादांनी तुझ्या पत्राची घडी घातली. मग पत्र भगवानराव सरांकडे सरकवून म्हणाले, "वर्षभर शिकवायचं न्हाई." महिन्याचं वर्ष झालं.

तू चांगल्या मनानं केलंस, कळतं मला. पण मला विचारायला हवं होतंस. फोटो काढण्याआधी पेशंटला विचारायचं, हे तुमच्या समितीनं ठरवलं ना? मग मला विचारायला काय झालं होतं?

आता दुसरं ऐक. मी स्टोअरमध्ये गॉजचे गठ्ठे लावत बसते, तर थर्ड इयरच्या पोरी एकेक करून येतात. कुणी ग्लोव्हज मागायला, कुणी स्पिरिट. आणि उभ्या उभ्या विचारतात, "मॅडम, तळवे असे दिसले, काय लिहू?" त्यांनी रेकॉर्डमध्ये 'गुलाबी' लिहिणं बंद केलंय. सगळ्यांनी! कुणी सांगितलं नाही त्यांना. त्या लिहितात, 'जीभ लाल, हिरड्या लाल, तळवे उजळ, डोळे पांढरे, अंगाचा रंग आईसारखा.' मी प्रियदर्शनीला म्हटलं, बाई गं, परीक्षेला मार्क कापतील. ती म्हणाली, "कापू द्या. बगितलं ते लिवलंय."

तुझ्या पत्रात तुझं काही नसतं. 'बाकी सगळं ठीक' असं लिहितेस. लहानपणी ताप आला तरी तू असंच म्हणायचीस.

वर्षा

*

लीड्स, ५ फेब्रुवारी २०२३

अक्का,

चुकले. तुझं पत्र आल्यापासून तेवढाच एक शब्द घेऊन बसलेय. तुला विचारायला हवं होतं. आता तू सांगितल्याशिवाय कुणाला एक ओळ लिहिणार नाही.

आणि हो, सगळं ठीक नाही. वर्षअखेरीला विद्यार्थी आमच्याबद्दल निनावी मत लिहितात. यंदा माझ्याबद्दल काहींनी लिहिलं, हिला सगळीकडे रंगच दिसतो. हिचं इंग्रजी कळत नाही, असंही एकानं. 'आपण सगळ्यांना सारखंच वागवतो' म्हणणारा तो सहकारी, त्यानं वर लेखी तक्रार केली की मी मुलांमध्ये फूट पाडतेय. त्याची चौकशी चालू आहे. मी समिती सोडायच्या विचारात होते. राजीनाम्याची मेल लिहून ठेवली होती.

मग तुझं पत्र आलं. त्या पोरी मार्क कापून घ्यायला तयार आहेत, आणि मी चार वाक्यांना घाबरले! मेल पुसून टाकली. तुला खोटं वाटेल, पण मला इथं वर्गात शिरताना आता प्रियदर्शनी आठवते. तिला मी पाहिलेलं पण नाही.

शिवू

*

बीड, ९ जुलै २०२३

प्रिय शिवू,

परीक्षा झाली. इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही, काय होतंय ते कळेपर्यंत.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आल्या, वनमाला मॅडम. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर आहेत, पोरी त्यांच्या नावानं थरथरतात. मी स्टोअरमध्ये. पण त्या दिवशी भगवानराव सरांनी निरोप धाडला, "सामान द्यायला म्हणून लेबर रूमच्या दारात उभ्या राहा." त्यांनी हे का केलं ते मी विचारलं नाही.

प्रियदर्शनीची पाळी आली. मॅडमनी रेकॉर्ड उघडलं, चष्मा वर केला. "रंगाच्या रकान्यात हे काय निबंध लिहिलेत? गुलाबी कुठंय?"

"मॅडम, बाळ गुलाबी नव्हतं."

"म्हणजे निळं होतं?"

"न्हाई मॅडम. बरं होतं. बऱ्या बाळाचा जो रंग असतो त्यो होता."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"गुलाबी."

"मग पुस्तक चूक आणि तुम्ही बरोबर?"

मला वाटलं, आता ही रडेल. ती म्हणाली, "मॅडम, समोरच्या खाटेवर बाळ हाय. तुमी बगा आन सांगा. तुमी गुलाबी म्हणलात तर मी लिवते."

वनमाला मॅडम उठल्या. खरंच उठल्या, शिवू. बाळाकडे गेल्या, दुपटं बाजूला केलं, बराच वेळ बघितलं. मग प्रियदर्शनीला म्हणाल्या, "दाखवा. कुठं कुठं बघता?" तिनं एकेक जागा दाखवली. सांगताना अडखळली नाही. कावीळ ओळखायची कशी, डोळ्यांना फसायचं नाही आणि तपासणी कधी मागायची, सगळं. शेवटी मॅडमनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"वर्षा मॅडमनी. त्या आता शिकवत न्हाईत."

"का?"

तिनं सरांकडे बघितलं. भगवानराव सर पुढं झाले. मला वाटलं, काहीतरी सारवासारव करतील. ते म्हणाले, "आमच्याकडून चूक झालीय मॅडम. दुरुस्त करतो." सगळ्यांच्या समोर. ज्या माणसाला मी इतकी वर्षं भित्रा म्हणत आले त्यानं हे केलं. अमरसिंहदादांना त्याचं काय उत्तर द्यावं लागलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पुढच्या सोमवारी मी परत वर्गात.

मार्क कापले नाहीत कुणाचे. आणि वनमाला मॅडमनी जाताना माझे टिपणांचे कागद मागून घेतले. "मंडळासमोर ठेवते. आश्वासन देत नाही," म्हणाल्या.

प्रियदर्शनीला घरी फोन लावून दिला. तिचे वडील एवढंच म्हणाले, "मास्तरणीला उलटं बोलली न्हाईस ना?"

वर्षा

*

लीड्स, २३ जुलै २०२३

अक्का,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, बसस्टॉपवर, आणि माझी बस निघून गेली.

इकडचं सांगते. चौकशीत काही निघालं नाही. मी तक्रार करणाऱ्याला एक पाठ शिकवायला बोलावलं होतं, बेडसोरचाच, नवा. त्यानं टेंडायच्या आत्याचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि थांबला. नंतर मला म्हणाला, "हे मला आधी कुणी दाखवलंच नाही." माफी मागितली नाही. पण यंदा तोच पाठ तो शिकवणार आहे. मला तेवढं पुरे.

नवा अभ्यासक्रम मंजूर झाला. त्यात बाळांचा भाग तुझा आहे आणि खाली तुझं नाव आहे. या वेळी विचारतेय, ठेवू ना?

प्रियदर्शनीला माझा शरणु सांग. तिला काय म्हणायचं ते मला कळत नाही. मोठी झाली की मी तिच्या हाताखाली काम करीन, एवढं सांग.

शिवू

*

बीड, १५ जानेवारी २०२४

प्रिय शिवू,

जुलैत विचारलं होतंस, उत्तर राहूनच गेलं. नाव ठेव. पण एकटं माझं नको, त्या वेळच्या थर्ड इयरच्या सगळ्या पोरींची ठेव. जागा पुरत नसेल तर अक्षर बारीक कर.

विद्यापीठातून आले काल. अभ्यास मंडळाची बैठक होती, वनमाला मॅडमनी मला बोलायला बोलावलं होतं. थिअरी काही आपल्या हातात नाही, ती दिल्लीहून येते. पण प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड बुक विद्यापीठ ठरवतं. एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण रंगाच्या रकान्यात काय लिहायचं ते एका शब्दात ठरवून द्या, नाहीतर पोरी वाटेल ते लिहितील. तासभर वाद झाला. गहूवर्णी म्हणावं का, सावळा म्हणावं का. एक जण म्हणाले, 'काळा' लिहायला नको, पालकांना वाईट वाटेल. माझ्याकडे बघून म्हणाले ते, आणि मग जीभ चावली. मी म्हटलं, मला पंधरा दिवस द्या. हा रकाना मला बाळांच्या आयांना विचारून भरायचाय.

तर आज वॉर्डात गेलो. मी आणि पोरी. आता फोर्थ इयरच्या झाल्यात. संक्रांत, म्हणून सगळ्या खाटांवर तिळगूळ. मी सांगितलं, आम्हाला तुमच्या बाळांचे रंग लिहायचेत, तुम्ही सांगाल तसे. आधी लाजल्या. मग एक म्हणाली, "भाकरीवानी हाय माझा." दुसरी म्हणाली, "कंची भाकर? जवारीची का बाजरीची?" सगळा वॉर्ड हसायला लागला. एकीचं बाळ गुळासारखं, एकीचं चिंचेच्या टरफलासारखं. शबाना म्हणून एक होती, ती म्हणाली, "मेरा तो चाय जैसा है, जरा दूध जास्त." पोरी भराभरा लिहितायत.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई काहीच बोलेना. पहिलटकरीण होती, मुलगी झालेली. सासू उशाशी बसून होती. प्रियदर्शनी जवळ गेली, म्हणाली, "ताई, तुमचं राहिलं." सासूच आधी बोलली, "तिचं काय लिवायचं बाई, बापावर गेलीय. सावळं-बिवळं लिवा काहीतरी." बाई खाली बघत होती. दुपट्यातलं बाळ तिनं उचललं, आपल्या गालाशी धरलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावळी न्हाई. माझी लेक काळी हाय. तसंच लिवा."

हसणं थांबलं. प्रियदर्शनीनं बाळाची जीभ बघितली, तळवे बघितले, छातीवर बोट टेकवून उचललं. मग खाटेच्या कडेवर बसून, बाईला दिसेल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं:

"रंग काळा. बाळ उत्तम."

वर्षा